आराखडा आणि बांधणी

संकेतस्थळाचें रूप आंखणारा एक आणि तें प्रत्यक्ष बांधणारा दुसरा, अशी या धंद्यांत पुष्कळदां वांटणी असते. आमच्या मतें दोन्ही विद्या शिकाव्या. एचटीएमएलनें पानाचा सांगाडा उभा राहतो. १९९४ सालीं होकोन व्हिउम ली यांनीं सुचविलेल्या सीएसएसनें त्यास रूप येतें. १९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं रचिलेल्या जावास्क्रिप्टनें त्यास चलनवलन लाभतें.

एक उदाहरण घेऊं. रोमन अक्षरें डोळ्यांपुढें ठेवून ओळींतील अंतर बेतलें, तर मराठी मजकुरांतील वेलांट्या वरच्या ओळीस आणि उकार खालच्या ओळीस भिडतात. ज्यास केवळ आंखणी येते तो हळहळतो, पण सुधारूं शकत नाहीं. ज्यास केवळ बांधणी येते त्यास दोष दिसतच नाहीं.

दोन्ही शिकण्यास वेळ अधिक लागतो, आणि आरंभीं एकही पुरती येत नाहीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. म्हणून प्रथम एक लहानसें पान आंखावें आणि तेंच स्वतः बांधावें. आपली भाषा पडद्यावर सुवाच्य दिसावी, ही चिंता आपण न वाहिल्यास कोण वाहणार?