टाकीतले पाणी आणि घाटातला ब्रेक

मोठ्या मालमोटारीचा ब्रेक सुटताना 'फुस्स्' असा आवाज तुम्ही ऐकला असेल. तो दाबलेल्या हवेचा आवाज. या हवेच्याच जोरावर कित्येक टनांची गाडी जागच्या जागी थांबते.

समजा, नंदुरबार जिल्ह्यातील ब्राह्मणपुरीला कोणी एक जुना लष्करी ट्रक आणला आहे. मोडीत काढलेल्या लष्करी गाड्या लिलावात विकल्या जातात. जबलपूरला तयार होणाऱ्या 'शक्तिमान' ट्रकचे उत्पादनही १९९६ साली थांबले, म्हणजे असे ट्रक आता चांगलेच वयस्कर झाले आहेत. आपल्या या ट्रकला हवेचे ब्रेक आहेत असे धरू. शहादे तालुक्यातील सपाट रस्त्यावर तो झकास चालेल. पण उत्तरेला सातपुडा आहे. तोरणमाळचा घाट उतरताना त्याची खरी परीक्षा होईल.

आधी ब्रेकचे काम पाहू. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर म्हणजे सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ. त्यातला दट्ट्या बाहेरची हवा ओढून टाकीत कोंबतो. चालकाने पायाने ब्रेक दाबला की झडप उघडते आणि टाकीतील हवा चाकाजवळच्या डब्यात जाऊन रबरी पडद्याला ढकलते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोग्रॅम आणि पडद्याचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर असेल, तर जोर किती? ६ × १५० = ९०० किलोग्रॅम! एवढा जोर कोणाच्या पायात असतो?

आता या टाकीत पाणी कोठून येते ते पहा. हवेत नेहमीच थोडी वाफ असते. ३० अंश सेल्सियस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ सामावून घेते. पावसाळ्यात तिच्यात २४ ग्रॅम वाफ सहज असते. कॉम्प्रेसरने या हवेचे आकारमान एक अष्टमांश केले आणि टाकीत ती पुन्हा ३० अंशांपर्यंत निवली, तर तेवढ्या लहान जागेत केवळ ४ ग्रॅम वाफ मावते. उरलेल्या २० ग्रॅमचे पाणी होऊन तळाशी साचते. रोज थोडे थोडे करीत ते वाढत जाते.

पाण्याने काय बिघडते? समजा, टाकी ४० लिटरची आहे आणि तिच्यात १० लिटर पाणी साचले. मग हवेसाठी ३० लिटरच जागा उरली. दाबमापकाचा काटा मात्र पूर्वीइतकाच दाब दाखवील! चालक निर्धास्त राहील. पण घाटात वरचेवर ब्रेक दाबताच साठा लवकर संपू लागेल. त्यातून कॉम्प्रेसरच्या दट्ट्याची कडी झिजलेली असली, तर हवा भरायलाही वेळ लागतो आणि इंजिनाचे तेल हवेबरोबर पुढे जाऊन रबर खराब करते. शिवाय पाण्याने टाकी आतून गंजते ती वेगळीच.

उपाय अगदी साधा आहे. दिवसाचे काम संपले की टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी सोडून द्यायचे. नळ्यांच्या जोडांवर साबणाचे पाणी लावायचे; बुडबुडे आले तर तेथून हवा गळते असे समजावे. दाब पुरेसा चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायचे, म्हणजे इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. ही तपासणी अर्थातच जाणत्या माणसाने, चाकांना दगड लावून करायची. तुम्ही दूर उभे राहून पहा.

घरी मात्र एक प्रयोग जरूर करा. सायकलच्या चाकात हवा भरल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. ते गरम का लागते? कॉम्प्रेसरमधून निघणारी हवाही अशीच तापते आणि टाकीत निवते. पुढच्या वेळी एखादा चालक टाकीची तोटी उघडताना दिसला, तर तो नुसते पाणी सांडत नाही, घाटासाठी हवेची जागा मोकळी करतो आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.