पाव इंचाचा पसारा

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत नुसतं ‘३८३’ म्हटलं तरी पुरतं. हे इंजिन कंपनीपेक्षा गॅरेजांनीच घडवलं. शेव्हर्लेच्या ३५० घनइंची व्ही-८चे सिलिंडर पाऊण मिलिमीटर वाढीव बोअर करायचे आणि त्यात ४०० घनइंचीचा क्रँक, जर्नल घासून, बसवायचा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३.४८ इंचांवरून ३.७५ इंचांवर जाते. वाढ जेमतेम पाव इंचाची. पण पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं सगळं गणित तिथून बदलतं.

वाद रंगतो तो लांबीवर. ४००चा मूळचा रॉड ५.५६५ इंचांचा, ३५०चा ५.७ आणि बाजारात मिळणारा लांब रॉड ६ इंचांचा. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंत अंतर ठरलेलं, ९.०२५ इंच. त्यामुळे रॉड लांबला की पिस्टन बुटका हवा. सहा इंची रॉड घेतला तर पिस्टनची पिन इतकी वर सरकते, की तिचं भोक ऑइल रिंगच्या खाचेत शिरतं आणि रिंगखाली आधाराची पट्टी घालावी लागते.

बदल्यात मिळतं काय? रॉडचा जास्तीत जास्त तिरपेपणा एकोणीस अंशांवरून अठरावर येतो, सिलिंडरच्या भिंतीवरचा रेटा थोडा घटतो. पिस्टन हलका होतो, हा खरा फायदा. रॉडच्या लांबीमुळे पिस्टनला वरच्या टोकाला बसणारा हिसका मात्र जेमतेम एक टक्का कमी होतो. एवढ्यासाठी रात्र-रात्र भांडणारे शौकीन धन्यच म्हणायचे!

तो हिसका केवढा असतो? मिनिटाला ६००० फेऱ्यांना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अडीच हजार पट. पिनसकट सहाशे ग्रॅमचा पिस्टन तेव्हा दीड टनाने रॉड ओढतो. एक्झॉस्टच्या वेळी वरून गॅसचा दाबही नसतो. सगळी ओढ रॉडच्या टोपीच्या दोन बोल्टांवर येते. एक तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर. म्हणून जाणकार मिस्त्री बोल्ट नुसता पान्याच्या जोरावर कसत नाहीत. कसल्यावर तो किती ताणला, हे मायक्रोमीटरने मोजतात.

दुसरी अडचण जागेची. क्रँकचा घेर वाढल्यामुळे रॉडचा खांदा कॅमशाफ्टला भिडू शकतो, बोल्टचं डोकं सिलिंडरच्या खालच्या कडेला. कॅम टायमिंगला लावून क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा. कॅमची एक फेरी पुरी व्हायला क्रँकच्या दोन लागतात. जिथे दीड मिलिमीटर फट उरत नाही, तिथे ब्लॉकची कड ग्राइंडरने घासायची. नटाऐवजी थेट रॉडमध्येच कसले जाणारे बोल्ट आणि खांदा उतरता केलेले स्ट्रोकर रॉड निघाले, ते याच कारणाने.

रस्त्यावर चालवायच्या ३८३ला ५.७ इंची, उतरत्या खांद्याचा फोर्ज्ड रॉड आणि उत्तम बोल्ट पुरेसे आहेत. उरलेले पैसे क्रँकच्या बॅलन्सिंगवर घालावेत.