जेन्टामायसिन आणि माहेरचा वारसा

बिलोली तालुक्यात बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, अंग गार पडलं, दूध ओढेना, की त्याला नांदेडची वाट धरावी लागते. नवजात कक्षात जंतुसंसर्गाच्या नुसत्या संशयावरही बहुधा अँपिसिलिन आणि जेन्टामायसिन सुरू होतं. रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबलं तर बाळ हातचं जायचं.

जेन्टामायसिन जुनं, स्वस्त आणि कुठेही मिळणारं. त्याची ताकद महाराष्ट्रातल्याच खेड्यांनी जगाला दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये तिथल्याच बायकांना आजारी नवजाताला ही सुई द्यायला शिकवलं. जंतुदोष झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं हे छापलं.

मात्र या औषधाच्या साऱ्या अमिनोग्लायकोसाइड घराण्याचं कानाशी वाकडं आहे. मूळपुरुष स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ मध्ये अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना ते सापडलं आणि क्षयावर पहिल्यांदा खात्रीचं औषध हाती आलं. पण काही वर्षांतच रुग्णांचा तोल जातो, ऐकू कमी येतं, अशा नोंदी होऊ लागल्या. पुढे कॅनामायसिन, जेन्टामायसिन, अमिकासिन आली आणि तक्रारही मागोमाग आली. मात्रा जास्त झाली किंवा सुया फार दिवस चालल्या तर कुणाचाही कान जाऊ शकतो. कोडं वेगळंच होतं : काहींना मोजक्याच सुया, त्याही योग्य मात्रेत दिलेल्या, आणि तरी ठार बहिरेपण.

उत्तर १९९३ मध्ये मिळालं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातल्या संशोधकांनी काही चिनी कुटुंबं आणि एक अरब-इस्रायली कुटुंब तपासलं. चिनी कुटुंबांत स्ट्रेप्टोमायसिननंतर बहिरेपण आलं होतं, अरब कुटुंबात औषधाविनाच. दोन्हीकडे दोष एकच होता : डीएनएच्या १,५५५ क्रमांकाच्या जागी 'ए' या अक्षराऐवजी 'जी'.

ही जागा मायटोकॉन्ड्रियात आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणांचे पूर्वज जिवाणू होते. त्यांचा डीएनए वेगळा, अवघ्या १६,५६९ अक्षरांचा. प्रथिनं बनवणारा रायबोसोमही स्वतःचा. अमिनोग्लायकोसाइड औषधं जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून त्याची प्रथिनं बिघडवतात. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातला रायबोसोम थोडा निराळा, म्हणून एरवी बचावतो. ते एक अक्षर बदललं की त्याची घडण जिवाणूच्या रायबोसोमसारखी होते आणि औषध तिथेही जाऊन बसतं. अंतर्कर्णातल्या साधारण १५,००० केसपेशींना मोठा फटका बसतो आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. दार आपटलं की बाळ दचकतं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. दोन वर्षांचं झालं तरी बोलेना, तेव्हा धावाधाव होते.

आपल्याकडे मूल बहिरं निघालं की बोट मामाच्या मुलीशी केलेल्या लग्नाकडे जातं. काही आनुवंशिक बहिरेपणात त्यात तथ्यही आहे. इथे मात्र नाही. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, नवरा नात्यातला असो की परका. मामाला हा दोष असू शकतो, पण तो त्याच्या मुलांकडे जात नाही. मावशीच्या मुलांकडे जातो. तरी सासूनं सुनेला बोल लावायचं कारण नाही. दोष असलेल्या कित्येकांना साठीपर्यंत नीट ऐकू येतं.

प्रत्येक बहिरेपण या दोषाच्या खात्यावर टाकणंही चूक. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर भारतात पूर्वी कॅनामायसिनची सुई आठवड्यातून सहा दिवस, सहा ते नऊ महिने दिली जाई. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी २०१३ मध्ये क्षयाच्या उपचारातच ऐकणं गमावलं. पुढे त्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह बेडाक्विलिन या क्षयावरच्या गोळीच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून लढल्या. २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं औषध कंपनीचा तो अर्ज फेटाळला.

क्षयाला गोळीचा पर्याय मिळाला, नवजातांसाठी जेन्टामायसिन अजून हवंच आहे. ब्रिटनमध्ये साधारण ५०० जणांत एकाकडे हा दोष असतो. मँचेस्टर आणि लिव्हरपूलमध्ये बाळाच्या गालाच्या आतून बोळा फिरवून २६ मिनिटांत निकाल देणारं यंत्र वापरून पाहिलं गेलं. ७५१ बाळांपैकी तिघांत दोष सापडला आणि त्यांना दुसरं प्रतिजैविक दिलं. असा निकाल बाळापुरता राहत नाही. आई, तिची भावंडं, मावशीची लेकरं, सगळ्यांनाच तो लागू; त्यांच्यापैकी कुणाला उद्या अमिकासिन लिहून देण्याची वेळ आली, तर डॉक्टरांना आधीच सांगता येतं.