फुप्फुसाची गोष्ट, लेखांक ९ : हिरडीपासून केशवाहिनीपर्यंत

मागच्या लेखात फुप्फुसात पाणी भरून श्वास अडवणाऱ्या एआरडीएस या विकाराची ओळख झाली. अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९६७ साली बारा रुग्णांवरून या विकाराचं पहिलं वर्णन केलं होतं. जंतुसंसर्ग पोटात असला तरी फुप्फुसात पाणी भरू शकतं, हे आपण पाहिलं. हे पाणी येतं केशवाहिन्यांतून. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामधला पडदा काही ठिकाणी मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाइतकाच जाड असतो. तो फाटला की पाणी आत शिरतं.

फाडतं कोण? बरेचदा आपल्याच पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल या पेशी फुप्फुसातल्या अनेक केशवाहिन्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे अंग चोरतच त्यांना पुढे सरकावं लागतं. शरीरात दाह भडकला की त्या कडक होतात, तिथेच अडकतात आणि आपल्या पोटातली एन्झाइम्स ओततात. त्यातली एमएमपी नावाची एन्झाइम्स कोलॅजेन कापतात. केशवाहिनीच्या अस्तराच्या पेशी ज्या पातळ थरावर बसलेल्या असतात, तो थरही कोलॅजेनचाच. भिंतीचे दरजे भरणारा चुनाच खरवडला जावा, तसं हे होतं.

या एन्झाइम्सना आवर घालण्याचा एक मार्ग फुप्फुसाच्या नव्हे, तर दातांच्या संशोधनातून सापडला. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात लॉर्न गोलब हे दंतवैद्यकाचे संशोधक मधुमेही उंदरांच्या हिरड्यांचा अभ्यास करत होते. मधुमेहात हिरड्यांमधलं कोलॅजेन झपाट्याने झिजतं. मिनोसायक्लिन हे टेट्रासायक्लिन गटातलं प्रतिजैविक दिल्यावर ही झीज कमी झाली. जंतू मेले म्हणून झाली असेल, असं कुणालाही वाटेल. पण त्यांनी जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांवरही हाच प्रयोग केला, आणि तिथेही झीज घटली. मारायला जंतूच नव्हते, तरी औषध काम करत होतं! हे १९८३ साली प्रसिद्ध झालं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्याने शंकेला जागाच ठेवली नाही.

एमएमपीला काम करायला जस्त लागतं, आणि टेट्रासायक्लिन धातूंचे कण पकडून ठेवतं. (ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका असं सांगतात त्याचं कारण हेच, दुधातल्या कॅल्शियमला ती चिकटते.) पुढे गोलब यांच्या गटाने टेट्रासायक्लिनच्या रेणूतला जंतू मारण्यासाठी लागणारा भागच काढून टाकला. प्रतिजैविकपण गेलं, एन्झाइम रोखण्याची ताकद मात्र राहिली. अशा बदललेल्या रेणूंपैकी सीएमटी-३ हा न्यूयॉर्क राज्यातच सिरॅक्यूजच्या संशोधकांनी डुकरांवर वापरला. हृदय-फुप्फुस यंत्रावर ठेवून आणि जंतूंचं विष टोचून त्यांच्यात फुप्फुसविकार घडवला जाई. ज्यांना औषध मिळालं, त्यांची फुप्फुसं बचावली. हा अभ्यास १९९९चा.

माणसांत काय? हिरड्यांच्या विकारासाठी डॉक्सिसायक्लिनची २० मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९८ साली मंजूर झाली. जंतू मारायला हा डोस अपुरा, पण एन्झाइम रोखायला पुरेसा. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र एवढा भक्कम पुरावा आज नाही. कोविडच्या काळात आपल्याकडे डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं सर्रास घेतली गेली. ब्रिटनमधल्या प्रिन्सिपल चाचणीत घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांना डॉक्सिसायक्लिनने लवकर बरं वाटलं नाही. रिकव्हरी चाचणीत ७,७६३ रुग्णालयीन रुग्णांचा अभ्यास झाला; अ‍ॅझिथ्रोमायसिनमुळे मृत्यू घटले नाहीत.

मला अडचण वेळेची वाटते. डुकरांना औषध नुकसान होण्याआधी मिळालं होतं. रुग्ण अतिदक्षता विभागात येतो तेव्हा पडदा आधीच फाटलेला असतो. शिवाय जखम भरून येतानाही शरीराला एमएमपी लागतात, ती पूर्ण बंद करून चालत नाही. म्हणूनच जंतू न मारणारे रेणू मला जास्त आशेचे वाटतात. साध्या प्रतिजैविकाच्या प्रत्येक अनावश्यक गोळीने जंतूंना सराव मिळतो. सीएमटी-३सारख्या रेणूत तो धोका फार कमी आहे.

पुढच्या आठवड्यात जपानला जाऊ. डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस या फुप्फुसाच्या आजारात एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक कमी डोसमध्ये, पण महिनोन्‌महिने देण्याची पद्धत शोजी कुदोह यांनी १९८०च्या दशकात रुजवली, आणि एका जीवघेण्या आजाराचं चित्र पालटलं.