अंगावर पाजणाऱ्या आईचा किमोनो

जपानात बाळ महिन्याचं झालं की त्याला पहिल्यांदा देवदर्शनाला नेतात. ‘ओमियामाइरी’ म्हणतात या सोहळ्याला. घरची मंडळी ठेवणीतले कपडे घालून शिंतो देवस्थानात जमतात. जुन्या रीतीप्रमाणे बाळ असतं ते वडिलांच्या आईकडे; त्याच्यावर नक्षीदार रेशमी किमोनो पांघरलेला आणि त्याचे बंद आजीच्या पाठीमागे बांधलेले. बाळाची आई शेजारी उभी, तीही रेशमी किमोनोत. अनेकदा बाळंतपणासाठी ती माहेरी गेलेली असते, तिथल्या सैल कपड्यांतून थेट या थाटात येते. दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायचं असतं, आणि बाळ रडलं की पान्हा मुहूर्त बघत नाही.

मग या किमोनोत पाजायचं कसं?

विचारलं की लोक काखेकडे बोट दाखवतात. बायकांच्या किमोनोची बाही खांद्याला जोडलेली असते, पण काखेखाली सुटी ठेवतात, आणि तिथेच अंगाची शिवणही काही बोटं उघडी सोडतात. या फटीचं नाव ‘मियात्सुकुची’. पुरुषांच्या किमोनोत ती नसते. आत घालायच्या ‘जुबान’ या वस्त्रालाही त्याच जागी तशीच फट असते, म्हणजे हात थेट अंगापर्यंत पोहोचतो. त्यामुळे ही सोय पाजणाऱ्या आयांसाठीच केली, अशी समजूत जपानातही आहे.

गोष्ट गोड आहे, पण पुरती पटत नाही. तीच फट कुमारिकांच्या लांब बाह्यांच्या ‘फुरिसोदे’त असते, आणि लहान मुलग्यांच्या किमोनोतही असते. मूळ कारण बहुधा ‘ओबी’त, म्हणजे कमरेच्या पट्ट्यात आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ओबी अरुंद होता आणि खाली, सैलसर बांधत. पुढे, ‘एदो’ नावाच्या कालखंडात, तो रुंद होत वर चढला. आज समारंभाचा ओबी साधारण ३० सेंटिमीटर रुंद असतो. बाही अंगाला पूर्ण जोडलेली राहिली असती, तर एवढ्या पट्ट्यावरून हात हलवणंही जड गेलं असतं. म्हणून काख मोकळी झाली. तिच्यातून वारा खेळू लागला, आत हात घालून विस्कटलेला गळा सारखा करता येऊ लागला, आणि आयांनाही एक वाट मिळाली.

रोजच्या जगण्यात मात्र सोपी वाट समोरूनच होती. किमोनोची डावी बाजू उजवीवर येते (उलट फक्त मृतांना नेसवतात). ना बटण ना हूक, नुसता एकमेकांवर आलेला गळा. तो सैल केला की झालं. चित्रकार कितागावा उतामारो (मृत्यू १८०६) यांनी लोककथांतली यामाउबा ही डोंगरातली बाई आणि तिचा गुटगुटीत मुलगा किंतारो पुन्हा पुन्हा रंगवले. मोकळे केस, उघडा गळा, छातीशी बिलगलेलं पोर. त्या चित्रांत संकोचाचा लवलेश नाही.

कामकरी घरातल्या आईचा किमोनो सुती असायचा. गळ्यावर बहुधा काळी पट्टी वेगळी शिवलेली असे, मळली की तेवढीच उसवून धुवायची. थंडीत बाळ पाठीशी बांधायचं आणि दोघांवर मिळून ‘नेन्नेको’ हा कापूस भरलेला अंगरखा चढवायचा. सबंध दिवस त्याच कपड्यांत रांधणं, धुणं आणि पाजणं.

अडचण झाली ती किमोनो रोजच्या अंगावरून उतरला तेव्हा. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी पाश्चात्त्य कपडे आले, किमोनो समारंभापुरता उरला, आणि १९६०च्या दशकात तो नेसायला शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. त्यांनी एक मोठी कला जपली, हे खरंच. पण समारंभी नेसण्याचा आदर्श म्हणजे सुरकुती नसलेलं, सरळ रेषेतलं अंग. त्यासाठी कमरेला टॉवेलच्या घड्या, छाती सपाट करणारी अंतर्वस्त्रं, एकावर एक आवळलेले बंद आणि ओबीत ताठ पट्टी. दुधाने भरलेल्या छातीवर असा दाब तासन्‌तास राहिला तर दूध तुंबतं, गाठी होतात, पुढे सूज आणि तापही येऊ शकतो. महिन्याच्या बाळंतिणीला असं आवळणं चूकच आहे, आणि त्याचा दोष किमोनोच्या माथी मारणं त्याहून चूक.

रेशमावर दूध सांडण्याची धास्ती वेगळी. किमोनो एकाच लांब, अरुंद ताग्यातून सरळ तुकडे कापून शिवतात. पारंपरिक धुण्यात तो अख्खा उसवून, धुऊन, ताणून पुन्हा शिवतात. दुधातली प्रथिनं गरम पाण्याने कापडात घट्ट बसतात, आणि काही रेशमांवर नुसत्या पाण्याचाही डाग राहतो.

१९९७ साली मित्सुहाता युका या आईवर तोक्योच्या चुओ रेल्वेमार्गावरच्या गाडीत रडणाऱ्या बाळाला सगळ्यांदेखत पाजण्याची वेळ आली. तो संकोच दुसऱ्या कुणाच्या वाट्याला नको म्हणून त्यांनी पाजण्यासाठी खास कपडे बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. कपडे पाश्चात्त्य घाटाचे, पण त्यांतली छुपी फट पाहिली की मियात्सुकुची आठवतेच.

किमोनोच हवा असेल तर तोही जमतो. धुता येणारं सुती किंवा पॉलिएस्टर कापड, अर्ध्या रुंदीचा मऊ ओबी थोडा खाली, सपाट करणाऱ्या अंतर्वस्त्राऐवजी पाजण्याची ब्रा, आत पॅड, आणि नेसण्याआधी बाळाचं पोट भरलेलं. सोहळ्याचा दिवसही आता पूर्वीइतका काटेकोर राहिलेला नाही. थंडी-ऊन आणि आईची तब्येत बघून अनेक घरं शंभराव्या दिवसापर्यंत थांबतात. त्याच सुमाराला ‘ओकुइझोमे’ असतो, बाळाच्या ओठांना पहिला घास लावण्याचा. तोवर आईचं अंगही सावरलेलं असतं आणि दोन पाजण्यांमधलं अंतरही थोडं वाढलेलं असतं.