हद्द कोणाची?

आमच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली तेव्हा मी सातवीत होते. विहीर नदीच्या काठाला, आणि नदी म्हणजे दोन तालुक्यांची शीव. आबा सकाळी एका ठाण्यात गेले, तर "हे आमच्या हद्दीत येत नाही" असे उत्तर मिळाले. दुपारी दुसऱ्या ठाण्यात गेले, तेथेही तेच. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते हे मी आता वाचून जाणते. आबांना ते तेव्हा कोणी सांगितले नाही. मोटार गेली ती गेलीच. यंदा राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी 'प्रशासकीय समन्वय' हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा वर्गातल्या इतरांच्या डोळ्यांपुढे काय आले ते ठाऊक नाही, माझ्यापुढे मात्र ती नदी उभी राहिली.

या हद्दीच्या प्रश्नाने देशाच्या राजधानीत काय रूप घेतले, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. तेव्हा मला धड बोलताही येत नव्हते. पुढे सारे वाचूनच कळले. छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, ताज, ओबेरॉय, नरिमन हाउस ही नावे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नकोत. १६६ माणसे मारली गेली. हातात नुसती लाठी असताना तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. हा पराक्रम आपण दरवर्षी आठवतो, आठवावाच. पण त्याच रात्रीची दुसरी एक हकीकत आपल्या स्मरणसभांत फारशी येत नाही. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो दिल्लीजवळ मानेसरला होते, त्यांना नेणारे मोठे विमान चंदीगडला होते, आणि मुंबई जळत होती. कमांडो पोहोचले तेव्हा दुसरा दिवस उजाडत आला होता.

ताजसारख्या हॉटेलांवर हल्ला होऊ शकतो, तो समुद्रातून होऊ शकतो, अशा सूचना आधी मिळाल्याच नव्हत्या असे नाही. मग अडले कोठे? हे समजण्यासाठी कोणते खाते कोणाच्या हाताखाली आहे ते पाहावे लागते. मी वहीत तसा तक्ताच करून पाहिला. देशांतर्गत गुप्तवार्ता विभाग, म्हणजे आयबी, गृहमंत्रालयाकडे. परदेशातील हेरगिरी करणारी रॉ ही १९६८ साली आयबीतूनच वेगळी काढलेली. ती मंत्रिमंडळ सचिवालयात, म्हणजे पंतप्रधानांच्या अखत्यारीत. लष्कराची गुप्तवार्ता, नौदल आणि तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे. सीमाशुल्क, महसूल गुप्तवार्ता, पैशाचा माग काढणारे अंमलबजावणी संचालनालय हे सारे अर्थमंत्रालयाकडे. सीबीआय कार्मिक मंत्रालयाकडे. आणि पोलीस? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांचे. म्हणजे समुद्रातून येणारी एक होडी नौदलाची, तटरक्षकांची, सीमाशुल्काची, मच्छीमारी खात्याची आणि राज्य पोलिसांची, अशी सगळ्यांची हद्द ओलांडत येते. हा तक्ता मी आईला वाचून दाखवला. आई शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, "मग त्यातलं सांगायचं कुणाला?"

सरकारपुढेही नेमका हाच प्रश्न होता. हल्ल्यानंतर गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला व अर्थखाते सोडून पी. चिदंबरम गृहमंत्री झाले. पुढचे काही आठवडे मोठ्या वेगाचे होते. महिन्याभरात संसदेने राष्ट्रीय तपास संस्थेचा, म्हणजे एनआयएचा कायदा संमत केला. दहशतवादी गुन्ह्याची खबर राज्याने केंद्राला द्यायची आणि तपास एनआयएकडे द्यावा की नाही हे केंद्राने पंधरा दिवसांत ठरवायचे, अशी त्यातली व्यवस्था आहे. कारगिल युद्धानंतर, २००१ साली, आयबीमध्येच 'मल्टी एजन्सी सेंटर' नावाचे एक केंद्र कागदोपत्री निघालेले होते. सर्व खात्यांनी आपापली माहिती तेथे आणून ठेवायची अशी मूळ कल्पना. पण आणून ठेवण्याची सक्ती कोणावर नव्हती. ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने ती सक्ती आली आणि केंद्र चोवीस तास चालू झाले. कमांडोंची केंद्रे मुंबई, कोलकाता, चेन्नई व हैदराबाद येथे निघाली. किनाऱ्याच्या एकंदर सुरक्षेची जबाबदारी २००९ मध्ये नौदलाकडे दिली गेली.

येथपर्यंत कोणाची फारशी तक्रार नव्हती. खरी कसोटी पुढे लागली.

२३ डिसेंबर २००९ रोजी दिल्लीतील एका व्याख्यानात चिदंबरम यांनी नवी रचना मांडली. अमेरिकेने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००४ साली राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र काढले होते. तसे केंद्र भारतात हवे, असे त्यांचे म्हणणे. पण त्यांची कल्पना अमेरिकेच्याही पुढे जाणारी होती. तेथले केंद्र माहिती एकत्र करते, अटक करीत नाही. आपल्या केंद्राने हल्ला रोखावा, आवरावा आणि उलट उत्तरही द्यावे, आणि दहशतवादापुरते तरी रॉ, सीबीआय अशा संस्थांवर त्याचे नियंत्रण असावे, असे त्यांनी सुचवले. वरचा तक्ता डोळ्यांपुढे आणावा म्हणजे या वाक्याचा अर्थ कळेल. पंतप्रधानांच्या हाताखालची रॉ गृहमंत्र्यांच्या छायेत येणार! गृहमंत्रालयाचेच दोन भाग करावेत असेही ते बोलले. आपले खाते आपणच चिरायला निघालेला मंत्री विरळाच, हे मला येथे नमूद करावेसे वाटते.

यानंतर जे झाले ते आमच्या गावातल्या भाऊबंदकीपेक्षा निराळे नाही. रेल्वे, विमान, बँक, कर, दूरध्वनी अशा एकवीस प्रकारच्या नोंदी एका जागेवरून पाहता याव्यात म्हणून 'नॅटग्रिड' ही योजना निघाली. तिलाही संरक्षण व अर्थ मंत्रालयांनी शंका काढल्या. तत्त्वतः मंजुरी मिळायला जून २०११ उजाडला. मुख्य केंद्राचा आदेश निघाला तो ३ फेब्रुवारी २०१२ रोजी. तोपर्यंत रॉ वगैरे त्यातून गळून गेली होती आणि केंद्र उभे राहणार होते ते आयबीच्या पोटात. १ मार्चपासून ते सुरू व्हायचे होते.

ते सुरू झाले नाही. दिल्लीतल्या मंत्रालयांची कुरकुर दाराआड होती, मुख्यमंत्र्यांनी मात्र उघड विरोध केला. ओडिशाचे नवीन पटनायक पुढे झाले. जयललिता, नरेंद्र मोदी, नितीशकुमार यांनी आणि केंद्र सरकारातच सामील असलेल्या ममता बॅनर्जी यांनीही तीच भूमिका घेतली. ५ मे २०१२ च्या दिल्लीतील बैठकीतही समेट झाला नाही.

प्रथम मला वाटले, हे सारे खुर्चीचे राजकारण. आदेशाची माहिती वाचल्यावर मत थोडे बदलले. केंद्राच्या अधिकाऱ्यांना बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली थेट अटक व झडती यांचे अधिकार होते, आणि ते केंद्र होते आयबीत. आयबी ही संसदेच्या कोणत्याही कायद्याने स्थापन झालेली संस्था नाही. जी गुपचूप कान लावून बसते तिनेच उठून माणसाला धरून न्यायचे, हे लोकशाहीत बसत नाही. मुख्यमंत्र्यांचे हेतू काही का असेनात, हा मुद्दा खरा होता. पण त्यांचेही एक चुकले असे मला वाटते. अटकेचा अधिकार नको म्हणताना मूळ गरज, म्हणजे सगळी खबर एका टेबलावर येण्याची गरज, तीही त्यांनी अडवून धरली. कारण जून २०१३ मध्ये केंद्र आयबीबाहेर काढून, अटकेचा अधिकार वगळून सुधारलेला मसुदा पुढे आला, तेव्हाही अनेक मुख्यमंत्र्यांनी नकारच दिला. त्या वेळी गृहमंत्री होते आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. त्यांनी तरुणपणी सोलापूरच्या न्यायालयात साधी नोकरी केली होती आणि पुढे फौजदारही होते. ठाण्याची हद्द म्हणजे काय, हे त्या दालनात त्यांना तरी कोणी समजावून सांगायची गरज नसावी.

ते केंद्र आजतागायत झालेले नाही. मल्टी एजन्सी सेंटर आहे, नॅटग्रिड उशिराने का होईना कामाला लागले, आणि एनआयए मात्र वाढत गेली. २०१९ च्या दुरुस्तीने तिला परदेशातील गुन्ह्यांचा तपास मिळाला. मानवी तस्करी, सायबर दहशतवाद हे गुन्हेही तिच्या यादीत आले. २०२० मध्ये छत्तीसगड सरकार एनआयए कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. पोलीस हा राज्याचा विषय, हेच तेथेही म्हणणे.

मुंबईच्या हल्ल्याचीही दप्तरे दोन झाली. कसाबचा तपास मुंबई गुन्हे शाखेने केला, खटला मुंबईत चालला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. हेडली व तहव्वूर राणा यांच्यावरचा गुन्हा २००९ मध्ये एनआयएने दिल्लीत नोंदवला. राणाला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून आणले गेले, ते दिल्लीला. त्या दिवशी आबा बातम्या पाहत होते. त्यांनी विचारले, "हल्ला मुंबईत झाला, मग ह्याला दिल्लीला का नेलं?" मी वहीतला तक्ता काढला आणि पहिल्यापासून सांगायला बसले.