मांजराचा मधुमेह व इन्शुलिनची मात्रा

मांजराला मधुमेह होतो असें म्हटलें, कीं पुष्कळांना हसूं येतें. परंतु घरचा लठ्ठ बोका एकाएकीं वाडगाभर पाणी पिऊं लागला, पोटभर खाऊनहि वाळूं लागला, आणि मागील पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालूं लागला, म्हणजे तें हसूं मावळतें. हा रोग बहुधा उतारवयांत, स्थूल व खच्ची केलेल्या बोक्यांना गांठतो.

उपाय मात्र मनुष्याचाच. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन मिळविलें, त्याच औषधाचीं दीर्घकाल टिकणारीं रूपें आज मांजरांना देतात. त्यांपैकीं ग्लार्जिन हें बाटलींत आम्लधर्मी असतें. कातडीखालीं शिरतांच त्याची आम्लता नाहींशी होऊन त्याचे सूक्ष्म कण बनतात, व ते हळूहळू विरघळत राहतात. यास्तव त्यांत पाणी किंवा दुसरें इन्शुलिन मिसळूं नये. मनुष्याला तें बहुधा दिवसांतून एकदां पुरतें. मांजराला दर बारा तासांनीं द्यावें लागतें.

आरंभीं पशुवैद्य प्रत्येक वेळीं सामान्यतः एक युनिट देतात. मांजर मोठें असलें तरी दोनांच्या वर सहसा जात नाहींत. पुढची गोष्ट धीराची आहे. आज साखर चढलेली दिसली म्हणून उद्यां मात्रा वाढविणें ही मोठी चूक होय, कारण नव्या मात्रेचा अंमल स्थिर व्हावयास कित्येक दिवस लागतात. सुमारें आठवड्यानें एक दिवस निवडून, कानाच्या कडेला बारीक टोचून, दर दोन तासांनीं बारा तासपर्यंत साखर मोजावी. या मालिकेंत सर्वांत खालचा आंकडा कोणता, हें मुख्यतः पाहावयाचें. दर १०० मिलिलिटर रक्तांत तो ८० ते १५० मिलिग्रॅम असला, तर मात्रा तशीच ठेवतात. १५० च्या वर राहिला, तर अर्धें युनिट वाढवितात. ८० च्या खालीं गेला, तर कमी करतात. केवळ सकाळचा चढा आंकडा पाहून जो मात्रा वाढवितो, तो दुपारीं साखर कोठवर उतरली होती हें न पाहतांच निर्णय करतो. शिवाय दवाखान्यांत पिंजऱ्यांत कोंडलेल्या मांजराची साखर नुसत्या भयानेंच चढते; म्हणून घरीं घेतलेला आंकडा अधिक भरंवशाचा.

मात्रेचा हिशेब बरोबर असूनहि घात होतो तो सिरिंजमुळें. भारतांत एका मिलिलिटरमध्यें ४० युनिट असलेलें इन्शुलिन अद्याप विकलें जातें, व त्याची सिरिंज निराळी असते. ग्लार्जिन बहुधा १०० युनिटांचें असतें. तें चाळीसच्या सिरिंजनें एक रेघ भरलें, तर एकाऐवजीं अडीच युनिट जातात. चार किलोच्या प्राण्याच्या बाबतींत हा फरक जिवावर बेततो.

साखर ६० च्या खालीं गेली, मांजर झिंगल्यासारखें चालूं लागलें, निपचित पडलें अथवा त्याला झटके आले, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. मांजर जेवलें नाहीं, तर ठरलेली पूर्ण मात्रा पशुवैद्यास विचारल्यावांचून टोचूं नये. सुई देतांना तें निसटलें, केंस ओले लागले, औषध आंत गेलें कीं बाहेर सांडलें हें कळेनासें झालें, तर पुन्हा टोचूं नये. एक वेळ औषध चुकल्यानें सहसा मोठें बिघडत नाहीं. दुप्पट गेलें तर बिघडतें.

मांजराच्या मधुमेहांत एक दिलासा असा, कीं पुष्कळांचें इन्शुलिन पुढें सुटतें. २००९ सालीं रूम्प व रँड यांनीं घरच्या घरीं काटेकोर मोजमाप ठेवलेल्या ५५ मांजरांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील ६४ टक्के मांजरांना इन्शुलिनची गरज उरली नाहीं. यांत आहाराचा वांटा मोठा आहे. आपल्याकडे मांजराला कौतुकानें दूधभात घालतात, पण मांजर मुळांत मांसाहारी. भात बंद करून मांस-मासळीवर आणलें, कीं कित्येकदां थोड्याच दिवसांत साखर उतरूं लागते, आणि कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज जास्त ठरते. म्हणून आहार बदलण्यापूर्वींच पशुवैद्याला सांगून मात्रा किती उतरवावयाची तें ठरवावें, आणि पुढील कांहीं दिवस साखर रोज मोजावी.